खड्डा भरेपर्यंत

दातांच्या डॉक्टरला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. पोटाच्या डॉक्टरला पेशंट सगळं बोलून दाखवतो. आमच्याकडे तोंड उघडलं की बोलणं बंद! आणि आपल्या तोंडात काय आहे ते आपल्याआधी दुसऱ्याला दिसणार, याची माणसाला इतकी लाज वाटते की विचारू नका. उज्जैनला नानाखेड्यात माझं क्लिनिक आहे. मी आणि माझी असिस्टंट रेखा, दोघीच. दात कमी बघतो आम्ही, ओशाळलेले चेहरे जास्त.

*

एक बँकेतले साहेब. नागपूरहून बदली होऊन आलेले, कडक इस्त्रीचा शर्ट. अक्कलदाढ काढायची होती. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "तंबाखू, गुटखा काही?"

"छे हो मॅडम! आमच्या घराण्यात नाही."

मी खुर्ची मागे झुकवली. डोकं खाली, पाय वर. आणि शर्टाच्या खिशातली पुडी घसरून थेट त्यांच्या गालावर!

साहेब आडव्यानेच म्हणाले, "हे... ड्रायव्हरचं असेल."

रेखाने अगदी भोळेपणाने विचारलं, "पर सर, आप तो स्कूटर से आए हो ना?"

साहेबांचे कान लालबुंद. त्यांनी मी न सांगताच मोठ्ठा आ केला. डोळे मात्र घट्ट मिटून घेतले.

*

दात काढल्यावर तिथे काय घडतं, हे मी प्रत्येकाला समजावून सांगते. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. मग शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. जंतू मारतात, मेलेलं-सडलेलं साफ करतात, आणि जागा स्वच्छ झाली की हाड बांधणाऱ्या पेशींना त्याच बोलावणं धाडतात. काही महिन्यांत जबड्याचं नवं हाड तयार!

एक गुरुजी हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्या कॉलनीच्या उलट. तिथे खोदून जातात, भरायला कोणी येत नाही."

या गुरुजींचा समोरचाच दात मी काढलेला. 'श' म्हणायला गेले की नुसती हवा! यजमानांसमोर लाज नको म्हणून ते घाटावर मास्क लावून पूजा सांगायला बसले. समोरचं कुटुंब आधी एकमेकांकडे बघायला लागलं, मग हळूहळू मागे सरकलं. शेवटी त्यांच्यातल्या आजोबांनी विचारलं, "पंडितजी, फिर से आ गया क्या?"

"बघा मॅडम," गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "दात गेला म्हणायची लाज, म्हणून गावात साथ आणली मी!"

*

भैरवगढ़ला कपड्यावर ठसे छापणाऱ्या एक बाई आहेत, शबाना. दाढ काढली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. तोंडाला रक्ताचा वास येतोय, पाहुण्यांना काय वाटेल, या धास्तीने बाईंनी संध्याकाळभर खळाखळा गुळण्या केल्या. मी नको म्हणून बजावलं असतानाही!

गुठळी निघून गेली. उघडं हाड, कानापर्यंत ठणका. बिचाऱ्या गाल धरून आल्या.

मी म्हटलं, "गुठळीच राहिली नाही, तर त्या पेशी येऊन काम कशावर करणार?"

त्यांनी ओढणीत तोंड लपवलं. "ज़िंदगी भर बहुओं को डाँटा, कच्चा रंग मत धोना, मत धोना. और ख़ुद धो के आ गई!"

*

आता घरचं. माझ्या सासूबाईंची दाढ दुखत होती, हे मला कळलं ते फ्रीगंजमधल्या एका डॉक्टरांच्या फोनवरून. "मॅडम, आपकी सासूजी यहाँ दाढ़ निकलवाने आई हैं. आपको पता है ना?"

मी शरमेने अर्धी झाले. घरात डेंटिस्ट सून, आणि सासू दुसऱ्याच्या खुर्चीत!

संध्याकाळी मी विचारलं, "आई, माझ्याकडे का नाही आलात?"

त्या म्हणाल्या, "सुनेसमोर आ करायचा? इतक्या वर्षांत मी कधी तुझ्यासमोर तोंड उघडलंय का?"

ह्यांना अचानक जोराचा खोकला आला, आणि ते बाल्कनीत निघून गेले.

*

आणि काळेकाका. निवृत्त शिक्षक, जुन्या सरदारांच्या कारभाऱ्यांचं घराणं. काकू कायम सोबत. काकांची खालची दाढ काढली, आणि आठवड्यांवर आठवडे गेले तरी खड्डा भरेना. आत पांढरं हाड तसंच उघडं. शुगर नॉर्मल, तंबाखू नाही. त्या पेशी जणू तिथे पोचतच नव्हत्या.

मी विचारलं, "काका, दुसऱ्या कशाच्या गोळ्या? गुडघ्यांच्या वगैरे?"

"गोळ्या मी घेतच नाही. अलोपॅथी मला गरम पडते. गुडघे गेल्या वर्षापासून आपोआप बरे आहेत. रोज नदीपर्यंत जातो."

मी एक्स-रेसाठी काकांना आत नेलं. परत आले तर काकू बाहेर भिंतीकडे तोंड करून रडत होत्या आणि रेखा त्यांची पाठ थोपटत होती.

"मीच गं केलं हे," काकू म्हणाल्या. "ह्यांचं चालणं बंद झालं होतं. दिवसभर खिडकीत बसायचे. एक वैद्य पांढरी पुडी देतो. ती मी रोज रात्री ह्यांच्या दुधात घालते. ह्यांना न सांगता. बायकोने नवऱ्याला चोरून काही पाजावं... मला तोंड दाखवायला जागा नाही."

पर्समधून त्यांनी पुडी काढली. तिच्यात काय असणार याचा मला अंदाज होता. स्टिरॉइड. दुखणं थांबतं, आणि शरीराची राखण करणाऱ्या पेशीही थंड पडतात.

"आता बंद करते, आजच," काकू म्हणाल्या.

"एकदम नाही काकू, तेही धोक्याचं. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते. ते सांगतील तसं हळूहळू. पण काकांना सांगावं लागेल."

काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "तूच सांग. मला नाही जमणार."

मी आत गेले. काका खुर्चीत बसले होते. मी कसंबसं सांगितलं.

काका म्हणाले, "पुडीचं मला माहीत आहे."

"काय?"

"अहो, कडू लागतं ना! पहिल्याच रात्री कळलं. पण ती दारात उभी राहून बघत असते, मी पेला संपवतोय का. मी चाललो की तिच्या चेहऱ्यावर जे येतं... कसं थांबवणार? उलट मीच चोर. माहीत असून गप्प बसलो."

पुढे डॉक्टरांनी पुडी हळूहळू बंद केली, गुडघ्यांचा वेगळा इलाज सुरू झाला. काका आता काठी घेतात, नदीऐवजी कोपऱ्यापर्यंत जातात. खड्डा मात्र भरला. शेवटच्या एक्स-रेत नवं हाड स्वच्छ दिसत होतं. मी दोघांना दाखवलं.

काकूंची मान अजून खालीच. त्या पुटपुटल्या, "आता दुधात काय घालू, ते तरी विचारा डॉक्टरांना."

काका काठी टेकत उठले.

"अगं, एकदा नुसतं दूध देऊन बघ ना!"