झटक्यासरशी पेटणारा पतंग

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळूजला शिफ्टच्या बसची वाट बघत होतो. बस आली, सगळे चढले, मी तसाच उभा… आज महिना उलटला, तेव्हा कुठं लिहायला बसलोय. खरं सांगतो, त्यात दुःखापेक्षा लाज जास्त आहे.

दत्ता आमच्या कंपनीत फिटर. पतंगाचा भारी नाद. पोरीचे लाइटवाले बूट फाटले, तर ह्या बाबानं तळव्यातले दिवे सेलसकट काढून पतंगाला चिकटवले. पाय आपटला की पेटणारे ते दिवे आता मांजाला झटका दिला की पेटायचे. दुष्काळाचं साल. लासूरच्या रस्त्याला नव्या प्लॉटिंगपलीकडं शिवार उघडं-बोडकं पडलेलं, हटकायला कुणी नाही. रात्री तो उडवायचा, मी चकरी धरायचो.

त्याच उन्हाळ्यात अफवा उठली, चोर ड्रोन सोडून घरं हेरतात म्हणे. आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका रात्री बांधाकडून बॅटऱ्या आल्या. वीस-पंचवीस माणसं, हातात काठ्या. माझी गाळण उडाली. मांजा तोड आणि पळ, मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. वारं ओढ्यापलीकडं वाहत होतं, आणि तिथं चाऱ्यापायी आलेल्या मेंढपाळांची पालं होती. "तोडला तर त्यांच्यावर जाऊन पडंल. परकी माणसं हायेत, त्यांचं कोण ऐकणार? बायापोरांसकट झोडपतील."

मी काय केलं? चकरी टाकली आणि पळालो. जवळच्या कोरड्या नाल्यात पालथा पडून बघत राहिलो. पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली, तरी मांजा सुटला नाही. "मारा, पण आधी वर बघा," तो म्हणाला. "मी झटका देतो तवाच पेटतो का नाय, सांगा." झटका दिला, वर लाल-निळं लुकलुकलं. थांबला, अंधार. पुन्हा दिला… एका म्हाताऱ्यानं मांजा चाचपून पाहिला आणि काठी खाली ठेवली. दत्तानं पतंग उतरवून दाखवला, तशी माणसं माघारी फिरली.

ते गेल्यावर मी बाहेर आलो. दत्तानं एका हातानं मांजा गुंडाळायला घेतला होता, दुसरा उचलत नव्हता. चल, उशीर झाला, एवढंच म्हणाला. पुढं कधी विषय काढला नाही.

निदान मला तसं वाटत होतं. तेराव्याला दत्ताच्या बायकोनं, शोभावहिनींनी, मला पंगतीतून बाजूला घेतलं. "भावजी, हे कायम सांगायचे," त्या म्हणाल्या, "त्या रात्री तुम्ही पाठीला पाठ लावून उभे राहिलात, म्हणून हे वाचले." मी मान खाली घातली आणि पुन्हा पानावर जाऊन बसलो.

वहिनी, हा पेपर तुमच्याकडं येतो. मी नाल्यात होतो.