देवाजीकाकांनी मागून आणलेली नावं

देवाजीकाकांच्या कादंबरीत ज्याचं नाव येतं, तो माणूस पुस्तक छापून आल्यावर वर्षभरात का जातो? त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात असा प्रश्न शोभत नाही, हे मला कळतं. पण राजुरात तो घरोघरी विचारला जातो, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर असूनही मला त्याचं उत्तर देता येत नाही.

काकांची आणि माझी पहिली भेट आमच्याच ओसरीवर झाली. बारावीनंतर बाबांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं. ते कानावर गेलं म्हणून काका स्वतःहून आले.

"शिकून काय कलेक्टर होनार हाय का ते?" बाबा म्हणाले.

"झाली तं तुले तिच्या हापिसात शिपाई लावून देईन. शिकू दे पोरीले."

बाबांना हसू आलं. मी वणीच्या कॉलेजात गेले.

काका स्वतः चौथी शिकलेले. कोळसा खाणीच्या दिवाघरात त्यांनी नोकरी केली. खाली उतरणाऱ्याचं नाव पुकारून त्याला दिवा द्यायचा, तो वर आला की परत घ्यायचा. कुणीतरी टाकून दिलेली बाजाची पेटी त्यांनी तिथेच खोलली, पुसली, पुन्हा जोडली आणि वाजवायला शिकले. गोष्टी लिहायलाही त्यांना कुणी शिकवलं नाही. नाव पुकारल्यावर प्रत्येकाच्या "हाव"मध्ये, म्हणजे होकारात, वेगळा सूर असतो, असं ते सांगतात. तो सूर पेटीवर सापडला की त्या माणसावरून गोष्ट सुचते. म्हणून ते मनाने रचलेलं नाव वापरत नाहीत. घरी जाऊन, सुपारी ठेवून, माणसाचं नाव रीतसर मागून आणतात.

पहिल्या पुस्तकातले खाणीतले पंपवाले वयाने थकलेले होते. दुसऱ्यातल्या चहावाल्यांना दमा होता. एवढं मी लोकांना समजावून सांगू शकते. तिसऱ्यात काकूंचं नाव होतं, आणि काकू धडधाकट होत्या.

त्या गेल्यानंतर एकदा भर दुपारी मी पुस्तक परत द्यायला गेले. काका एकच पट्टी धरून काकूंचं नाव पुकारत होते आणि थांबून ऐकत होते. मला पाहून त्यांनी पट्टी सोडली, भाता मिटला, झाकण लावलं. सूर मात्र थांबला नाही.

"तुले ऐकू येऊन राह्यलं का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. ते खोटं होतं.

चौथी कादंबरी एका शिकणाऱ्या मुलीची असणार होती. तिच्या नावासाठी काका यंदा चार घरी सुपारी घेऊन गेले. चारही दारं लागली. एका बाईंनी आतूनच सांगितलं, "काका, चहा मांगा, पानी मांगा, पन पोरीचं नाव नका मांगू." त्या संध्याकाळी त्यांनी कोरी वही माझ्या हातात दिली. "ने तुले. माह्यं लिहनं संपलं." आमच्या दारी सुपारी घेऊन ते कधीच आले नाहीत.

"तू यात पडू नको, चूप राह्य," आई मला म्हणाली. तिची भीती मला कळते. थोडी माझ्यातही आहे. पण माझं शिक्षण थांबू न देणाऱ्या माणसाचं लिहिणं लोकांच्या भीतीने थांबावं, हे मला पटत नाही. काकांना निरोगी शंभरी लाभो, त्यांची बोटं पेटीवर फिरत राहोत आणि आम्हाला त्यांच्या आणखी कादंबऱ्या वाचायला मिळोत.

मागच्या रविवारी मीच सुपारी आणि ती कोरी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. ते नको नको म्हणत राहिले. मी वही उघडली आणि पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव माझ्या हाताने लिहून आले.