अकरा कटिंग

काका बोट पुढे करून मोजायचे. ठाण्याच्या कोर्टासमोरच्या टपरीवर एकेकाच्या छातीवर बोट नेत, ओठातल्या ओठात, आणि मग मोठ्याने: "अकरा कटिंग." आम्ही होतो बारा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, मोजताना स्वतःलाच विसरणारी. चहा कमी पडला की म्हणायचे, "मला तसाही नको होता." शेवटी टपरीवालाच शहाणा झाला. ऑर्डर अकराची, गाळायचा बारा.

आम्ही सगळे एकाच कंपनीच्या टॅक्स्या चालवायचो. परवाने कंपनीच्या नावावर. कंपनी गाशा गुंडाळायला निघाली, तेव्हा आम्ही दावा लावला: इतकी वर्षं स्टिअरिंग आमच्या हातात, तर परवाने आमच्या नावावर करा.

काकांना परवाना कशाला हवा होता, ते आम्हाला पाठ होतं. कंपनीच्या गाडीत घरची माणसं बसवायला बंदी. काकांनी ती कोपरला स्वतःच्या घराच्या गल्लीतही पाळली. काकू डॉक्टरकडे रिक्षाने जायच्या आणि हे रिकामी टॅक्सी घेऊन मागोमाग. "नाव लागू दे, पहिली फेरी टिटवाळ्याच्या गणपतीला. तिला मागे बसवणार, मालकिणीसारखी."

तारखेच्या सकाळी त्यांचा प्रत्येकाला फोन. "आधार घेतलंस? बॅज? परत खिसा बघ." मी एकदा भलत्याच कोर्टात जाऊन बसलेलो. तिथे एका नवरा-बायकोचं भांडण असं रंगलेलं की उठवेना. काकांनी शोधत येऊन मला कॉलर धरून बाहेर काढलं. "एक कमी भरत होता रे."

पुढे वकीलबाईंनी ड्रायव्हरांची यादी मागितली. "तुझं अक्षर बरं आहे, तू लिही," काका म्हणाले. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी नावं सांगितली, परवाना नंबरांसकट, तोंडपाठ. पहिलं नाव मी माझंच टाकलं. ते दोनदा तपासलं. शेवटचा आकडा किती झाला, ते बघितलं नाही. शंभरदा टपरीवर हसलेलो मी. बाकीच्यांनी आपापलं नाव बघितलं आणि कागद पुढे दिला.

निकाल आमच्या बाजूने लागला. यादीतल्या ड्रायव्हरांना परवाने. वकीलबाई नावं वाचत अकराव्यावर थांबल्या. कागद उलटून पाहिला. मागे कोरा. अक्षर माझंच होतं.

टपरीवर काकांनी बोट फिरवलं. "अकरा." नेहमीसारखे बारा आले. काकांनी एक ग्लास उचलला आणि टपरीवाल्यासमोर नेऊन ठेवला.

"आज मी बरोबर मोजलेत रे."

काकांचं नाव घालायला दुरुस्तीचा अर्ज केला. कंपनीने हरकत घेतली, निकाल यादीपुरताच आहे म्हणून. काकांची गाडी कंपनीने नेली. मी म्हटलं, "काका, माझी टॅक्सी घ्या, काकूंना टिटवाळ्याला नेऊन आणा."

"तुझी आहे ती. नियम म्हणजे नियम."

दोन तारखांना ते आले, कडेला बसले. तिसरीला आले नाहीत. कोपरच्या खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, गावी गेले, कोकणात. फोन लागत नाही.

तारखा पडतायत. बाकीचे धंद्याला लागले, मी एकटाच जातो. टपरीवर एक कटिंग सांगतो. टपरीवाला सवयीने दोन ठेवतो. दुसरा थंड होईपर्यंत तसाच असतो. मग तोही मीच पितो.