गावकीने अडवलेली मुलगी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच — त्याला वाटतं, मी सरळ बाई आहे. तुम्हाला सांगतेय म्हणजे तुम्ही फार जवळचे आहात असं समजू नका. कुठेतरी बोलायचं, एवढंच.

संजना मला आवडायची नाही. आजही आवडत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे माझ्या डोळ्यांत पाणी शोधत बसू नका.

महाडला बी.ए. करत असताना समाजशास्त्राच्या सरांनी आम्हा दोघींना मिळून एक संशोधन दिलं. सर पुण्याचे. बी.ए.च्या पोरांनीही खरं संशोधन करावं, हे त्यांचं वेड. विषय — गावकी मुलींच्या शिक्षणाच्या आड येते का? गावकी म्हणजे वाडीतल्या जाणत्यांची बैठक. वाडीत शब्द तिचाच चालतो. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली. संजना पोलादपूरच्या वरची, आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या वाडीतली. आम्ही वाड्यांवर गेलो की बाया चहा मला द्यायच्या आणि बोलायच्या तिच्याशी. सरही तिचं ‘नाय’ नि ‘हाय’ कान देऊन ऐकायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. का व्हावा? तिनं माझं काय घेतलं होतं? काही नाही.

मुंबईत, विद्यापीठात, आम्ही दोघींनी ते मांडायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी सरांना म्हटलं — बघा, इथे अजून अडखळते — म्हटलं, संजनाला गावकीनं मनाई केलीय. सरांचा चेहरा पडला. तिला फोन करायला त्यांचा हात गेला होता, पण ते थांबले. म्हणाले, उगाच तिला घरी त्रास व्हायचा. मग फोन मी केला. कार्यक्रम रद्द झाला म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, “अगो, सकाळीच सगळी गावकी देवळात जमलेली. माज्यासाठी गाऱ्हाणं घातलंय देवाला. पोरीला यश दे म्हणून नारळ दिलाय. आता त्यांना काय सांगू?”

“सांग, रद्द झालं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बोलले. बरं बोलले. आणि शेवटी — हे ठरवलेलंही नव्हतं — म्हणाले, माझी जोडीदार आज इथे नाही, कारण तिच्या गावकीनं तिला येऊ दिलं नाही. सगळ्यात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या. आमच्या अख्ख्या संशोधनात खोटं असं तेवढंच एक वाक्य होतं.

कॉलेजात परतल्यावर सरांनी संजनाला माझ्यासमोरच बोलावलं. गावकीचं कळलं, वाईट वाटलं, म्हणाले. ती गोंधळली. “नाय सर, गावकीनं नाय अडवलं. त्यांनी तर...” सर हळूच म्हणाले, “घाबरू नकोस.” ती जितकं नाही म्हणाली, तितकी सरांची खात्री पटत गेली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. कळलं तिला. आणि मी काय केलं? तिच्या खांद्यावर हात ठेवला — सरांना दिसावा म्हणून.

तिनं हात झटकला आणि निघून गेली. पुन्हा कुठल्या संशोधनाला आली नाही. सरांनीही बोलावलं नाही; तिला घरी त्रास नको म्हणून.

आता मीही शिकवते. दरवर्षी बी.ए.च्या मुलांना संशोधनाला वाड्यांवर पाठवते. जाण्याआधी गावकी कशी असते ते समजावताना एक उदाहरण देते — मुंबईला निघालेल्या एका हुशार मुलीला गावकीनं कसं अडवलं, ते. मुलं गंभीर होऊन ऐकतात.

यंदाही सांगितलं.