चांगुणाचे शंभर टक्के

"तू मासे मोज. टक्के आमचे आम्ही मोजतो."

डॉक्टर असं बोलला आणि अख्खा वॉर्ड हसला. मीपण हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. माझी बायको चांगुणा सरकारी दवाखान्यात पडलेली. जुलाब, उलट्या. डोळे खोल गेलेले. नर्सबाई मीठ-साखरेचं पाणी पेलाभर ठेवायची. परत आली की पेला बघायची आणि खाटेच्या कागदावर टक्के लिहायची. मी एवढंच विचारलं होतं, "सायब, ह्ये टक्के कशाला?"

चांगुणा दोन घोट घ्यायची. "मना न्हाय जात. तुमी प्या. टाकू नका."

आम्ही दर्यावरची माणसं. होडीत पिण्याचं पाणी कोण टाकत नाही. एकाचं उरलं तर दुसरा पितो. मी प्यायचो. नर्सबाई रिकामा पेला बघून म्हणायची, "शाब्बास, सगळं प्यायलीस!" चांगुणा माझ्याकडं बघून गालात हसायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

शेजारच्या म्हातारीला सलाईन लावलेलं. मी विचारलं, हिला का नाही लावलं? नर्सबाई म्हणाली, "अर्ध्याहून कमी प्यायलं तरच लावतात. हिचे शंभर टक्के होते."

"ते मी प्यालो, बाय."

तिनं डॉक्टरला हाक मारली. डॉक्टर धावत आला. "अडाणी लेकाचे! तूच मारलीस तिला." मग कागद लिहून पुढं केला. "अंगठा लाव. मगच प्रेत मिळेल."

मी दुसरी शिकलेला. ते त्याला ठाऊक नव्हतं. अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. 'नवऱ्यास पूर्ण समज दिली होती.'

"समज कवा दिली? मी इचारलं तवा मासे मोजायला सांगितलं तुमी."

या वेळी कोण हसलं नाही. मी अंगठा दिला नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिलो. शेवटी त्यांनीच अंगठ्याशिवाय चांगुणाला माझ्या ताब्यात दिलं.

पाणी मी प्यालो. ते कुणावर ढकलत नाही. पण टक्के कशाला ते एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि ते वाक्य मला दिलं नाही. वरून, दिलं म्हणून कागदावर लिहिलं.

आता कोळीवाड्यातलं कोणी खाटेवर पडलं की मी जातो. कागदावरचा प्रत्येक आकडा कशाचा, ते विचारतो. कळेपर्यंत हलत नाही. हाकलायला शिपाई बोलावतात.

बोलवू देत.