उंच खिडक्यांचा वॉर्ड

अर्धवट बांधलेल्या खोलीत शिरलं की आमचे ओव्हरसियर आधी चपला काढायचे, जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि खुशाल आडवे व्हायचे. गवंडी थापी हातात धरून बघत राहायचे. "आजारी माणूस काय उभा राहून खोली बघत न्हाई," ते छताकडे बघत म्हणायचे. "आडवं होऊन बघा रं."

सत्तरच्या दशकात मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कचेरीत नकाशे काढायला होतो. ओव्हरसियर मूळचे रहिमतपूरकडचे, लष्करातून आलेले. तिथल्या इस्पितळात काविळीने बरेच दिवस पडून होते आणि डोळ्यांवर येणाऱ्या दिव्याने हैराण झाले होते. त्यामुळे दवाखान्याचं काम निघालं की त्यांच्या अंगात यायचं. दिव्याची जागा बदलायला त्यांनी मला एकच नकाशा तीनदा काढायला लावला. मी मनातून चिडायचो. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. नुसतं नेमून दिलेलं काम करणं अशा माणसांना जमतच नाही.

एका गावी बायकांचा वॉर्ड बांधायचा होता. लगतच रस्ता, म्हणून खिडक्या डोक्याच्या उंचीवर घ्या, असं गावच्या मंडळींनी बजावलं. ओव्हरसियर मोकळ्या जागेवरच आडवे झाले आणि त्यांना डोळ्यांसमोर नुसती भिंत दिसू लागली. त्यांनी बरीच हुज्जत घातली. शेवटी घरी बायकोला विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "उंचच बऱ्या. आजारी बाईला येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं व्हय?" त्यांनी ते मानलं. मी नकाशात खिडक्या वर सरकवल्या.

पुढे दोनेक वर्षांनी वहिनी माहेरी गेल्या असताना विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. माहेर त्याच भागात, त्यामुळे त्यांना त्याच वॉर्डात ठेवलं. पायाला वजनं बांधलेली, कूस बदलायची सोय नाही. समोर भिंत.

ओव्हरसियरनी विटा आणल्या. आम्ही दोघांनी आणि वॉर्डबॉयने मिळून खाट उचलून चारी पायांखाली विटांचे थर दिले. वहिनींना बाभळीचा शेंडा दिसला. तेवढ्यात सिस्टर आल्या. "साहेब, इतक्या वर मी त्यांचं अंथरूण कसं बदलू? आणि पडल्या म्हणजे?" त्यांचंही बरोबर होतं. खाट खाली आली.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "मीच म्हटलं व्हतं न्हवं, उंच करा म्हणून." मी विटा उचलून बाहेर नेऊ लागलो.

मग ओव्हरसियर रोज भेटीच्या वेळी खिडकीशी टाचा उंचावून उभे राहू लागले. मीही कधी कधी सोबत जायचो.

"आवं, भाईर काय हाय?"

"उसाची गाडी चाललीया. मागनं एक म्हातारी कांडं वडतीया."

"गाडीवान बघतोय का?"

"डुलक्या काढतोय."

"मग वडू द्या तिला चांगली दोन-चार."

वहिनी हसायच्या. हसलं की पाय ठणकायचा, तरी "आनि काय?" म्हणून विचारायच्या.

पुढे त्यांना ताप भरला. छाती कफाने भरली. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. वहिनी गेल्या.

तिसरा दिवस उरकल्यावर आम्ही त्यांचं सामान न्यायला गेलो. लुगडी, तांब्या, फणी, एवढंच. ओव्हरसियरनी बोचकं बांधलं. शेजारच्या खाटेवर माणदेशाकडची एक बाई होती. इतक्या दिवसांत ती आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"सायेब," ती म्हणाली, "आज भाईर काय हाय वो?"

पलीकडच्या खाटांवरच्या माना वळल्या. सगळा वॉर्ड रोज ऐकत होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

ते बोचकं घेऊनच खिडकीशी गेले. टाचा उंचावल्या. रस्त्यावरून गाडी चालली होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज आत येत होता.

"बाई," ते म्हणाले, "मला काय दिसंना झालंय."