चक्कीच्या पट्ट्यामागची किल्ली

टेस्टिंगमध्ये माझा मॅप सपशेल आपटला होता. चार जण पळत होते, पाचवा भूत होऊन मागे लागला होता, आणि पाचही जण खो खो हसत होते. हॉरर मॅप पाहून हसू आलं की समजायचं, महिनाभराचं काम पाण्यात गेलं.

मी सेलूला घरी बसून पुण्याच्या एका स्टुडिओसाठी ठोकळ्यांच्या गेमचे मॅप बांधतो. मॅप म्हणजे खेळायची जागा. घरं, गल्ल्या, दारं, सगळं ठोकळ्यावर ठोकळा ठेवून उभं करायचं. माझ्याकडे 'चेस', म्हणजे पाठलागाचे मॅप असतात. भूत पाठलाग करतं, बाकीच्यांनी किल्ली शोधून बाहेर पडायचं.

बॉस कॉलवर म्हणाला, "कवट्या, जळमटं, लाल दिवे... अरे, हे सगळ्यांकडे आहे. तू लहानपणी कशाला घाबरायचास?"

"चक्कीला."

"कसली चक्की?"

"पिठाची, सर."

मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "बांध."

आमच्या गल्लीत मंदाकाकूची चक्की होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवायची. आमच्याकडे दळण पोरंच नेतात. आई डबा सायकलला अडकवून देते आणि पोरगं निघतं. मशीन सुरू झालं की कानात दुसरं काही शिरत नाही. मोटारीपासून मशीनपर्यंत रुंद पट्टा फिरतो. तो घसरला की पकडीसाठी त्याला वरचेवर राळ लावावी लागते, म्हणून काकूच्या पट्ट्याला जाळी नव्हती. पोरगं जरा तिकडे सरकलं की मागून ओरडायची, "हात दूर!" वळून पाहावं तर पिठानं पापण्यांपर्यंत पांढरी बाई. माझी तर चड्डी ओली व्हायचीच बाकी राहायची.

मोबाइल घेऊन काकूकडे गेलो.

"काकू, एकदा 'हात दूर' म्हणून ओरडून दाखव ना."

"काऊन रे? माह्या आवाजाचं काय करतं तू?"

"कामासाठी पाहिजे. कम्प्युटरमधे टाकतो."

काकू लाजली. पदरानं तोंड पुसलं आणि तीनदा ओरडली. "बरा आला का? नाई तं पुन्हा घे," म्हणाली. कशासाठी ते मी सांगितलं नाही.

चक्की हुबेहूब उतरली. पांढरी बाई भूत झाली. आता किल्ली कुठे ठेवायची? आमच्या धंद्यात बक्षीस सगळ्यात भीतीच्या जागी ठेवतात, नाहीतर तिकडे कोणी फिरकत नाही. मी ती पट्ट्यामागे ठेवली. फिरत्या पट्ट्याला हात लावायचा, किल्ली मिळते, तेवढ्यात "हात दूर!" आणि मग धूम ठोकायची. गेममधला पट्टा ठोकळ्यांचा. त्यानं कोणाला खरचटतसुद्धा नाही.

या वेळी टेस्टर किंचाळले. मॅप बाहेर पडला आणि धो धो चालला. बॉसनं मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मला कोण आनंद! गल्लीतल्या पोरांना मीच मोबाइलवर दाखवलं, "पाहा बे, आपली चक्की!" तेव्हा तोंड बंद ठेवलं असतं तर!

फार तर पोरं काकूला घाबरतील, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पोरं दळण न घेताच चक्कीत घुसायला लागली. एकानं काकूला बोलण्यात गुंतवायचं, दुसऱ्यानं पट्ट्याला बोट लावून यायचं. काकू ओरडली की सगळे बोंबलत बाहेर. ती जितकी ओरडायची, तितकी मजा.

आई एक दिवस दळण घेऊन स्वतःच गेली. परत आली ती तणतणत.

"थे मंदा रडून राह्यली तिथं. पोट्टे पट्ट्याले हात लावते म्हणे. तुह्या त्या गेमपायी!"

मी लगेच बॉसला फोन केला. "सर, किल्ली हलवतो. आवाजही काढतो."

"वेडा झालास का? त्या आवाजासाठी तर लोक खेळतायत."

"इथे पोरं खऱ्या पट्ट्याला हात लावतायत, सर."

"मग त्यांच्या आईबापांना सांग. मॅपचा काय संबंध?"

चार दिवस घासाघीस केल्यावर त्यानं बदल करू दिला. पण मॅप म्हणजे शेवटी एक फाइल. ज्यानं डाउनलोड केली, त्याच्याकडे ती जुनीच राहते. गल्लीत सगळ्यांकडे जुनीच होती. नवीन पाहून पोरं म्हणाली, "हे बोर आहे, दादा."

मी घरोघरी गेलो. आईबाप "हो हो" म्हणाले. त्याच आठवड्यात, भर दुपारी, सातवीतल्या एका पोराची बाही पट्ट्यात गेली. काकूनं मागून कवळ घालून त्याला ओढलं. बाही फाटली, हात वाचला. काकूचं कोपर मशीनवर आपटून फुटलं. तिनं बटन बंद केलं आणि त्यानंतर चक्की सुरू केलीच नाही.

मी भेटायला गेलो. काकूचा हात गळ्यात बांधलेला. मशीनवर गोणपाट टाकलेलं.

"काकू, जाळी बसवून देतो मी. चालू कर."

"नाई बाप्पा. माह्या डोळ्यासमोर कोणाचं लेकरू लुळं झालं तं मी काय करू?"

"माझी चूक झाली, काकू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी जिंदगीभर पोरायले हात दूर ठेवाले सांगतलं. अन् तू माह्याच आवाजानं त्यायले हात लावाले शिकोलं."

मी तसाच उठून आलो.

महिन्याभरात मशीन पवनारच्या एका माणसानं नेलं. काकू आता दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते. बॉसला भाग दोन हवा होता. मी नाही म्हणालो, त्यानं दुसऱ्याकडून करून घेतला. त्यातही आवाज काकूचाच आहे.

नव्या मॅपवाल्यांना मी एकच सांगतो. ज्याचं काही उचलाल, त्याला आधी सांगा कशासाठी ते. मी सांगायला विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर काकू नाही म्हणाली असती, हे मला त्या दिवशीच माहीत होतं.